रिकाम्या डबीचा संताप

मी एक जुनी डबी आहे, मित्रांनो. आणि मी रागावलेली आहे, हे आधीच सांगते. गोड गोड आठवणी ऐकायच्या असतील, तर पलीकडच्या खोलीत एक जुनं वाफेचं इंजिन ठेवलंय. ते स्वभावाने फार चांगलं आहे.

सरकारी कागदावर माझं नाव 'स्वयंचलित वैयक्तिक वाहन, क्रमांक सतरा' असं लांबलचक होतं. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याची डबी करून टाकली. चार माणसं बसतील एवढंच माझं पोट. चालक नाही. रस्त्याच्या डोक्यावरून, खांबांवर बांधलेल्या अरुंद वाटेवरून मी धावायचे. तुम्ही थांब्यावर बटण दाबायचं, कुठे जायचं ते सांगायचं आणि बसायचं. मधल्या कुठल्याही थांब्यावर मी थांबायचे नाही. सुटले की थेट तुम्ही सांगितलेल्या थांब्यावर.

आमच्या शहरात तेव्हा रस्त्यांची काय दशा होती, म्हणून सांगू! सकाळी आठला गाड्या चौकात शिरायच्या आणि साडेनऊलाही तिथेच असायच्या. रुग्णवाहिका भोंगा वाजवून वाजवून दमायची. लोक गाडीतच दाढी करायचे, गाडीतच भांडायचे. अशा शहराला आम्हा चाळीस डब्यांनी मोकळा श्वास दिला. पहिली दोन वर्षं आमचं इतकं कौतुक झालं की मला थोडी शिष्टपणाची सवयच लागली होती.

आता आमच्या कामातली एक खुबी नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. शहराच्या टोकाला पाण्याची मोठी टाकी होती. तिथे वस्ती दाट. सकाळी सगळे टाकीच्या थांब्यावरून चौकातल्या कचेऱ्यांकडे जायचे. माणसं उतरली की आम्ही रिकाम्याच परत टाकीकडे पळायचो, पुढच्या माणसांना आणायला. कुणी सांगायची गरज नव्हती. बटण दाबलं की ती हाक जवळच्या मोकळ्या डबीला ऐकू यायची आणि ती निघायची. आमचं अर्धं काम रिकाम्या धावण्यातच होतं. विहिरीत पोहरा रिकामाच सोडतात ना? भरलेला कुणी सोडत नाही!

टाकीवरून रोज दहाच्या सुमाराला माझ्यात बसणारे एक आजोबा होते. जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केलेली, म्हणून सगळे त्यांना मशीनवाले आजोबा म्हणत. रोज म्हणजे खरं तर सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. या तीन दिवशी साडेदहाला रुग्णालयात त्यांचं रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागायचं. उशीर झाला की त्यांची खुर्ची पुढच्या रुग्णाला द्यायचे. रस्त्याने दीड तास लागायचा, माझ्यातून नऊ मिनिटं. एकुलती एक लेक औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायची. डबी होती म्हणून आजोबा एकटे जायचे आणि तिची नोकरी टिकून होती.

आजोबांचा कान तयार होता. एकदा बसल्या बसल्या म्हणाले, "काय गं बये, उजवं चाक कुरकुरतंय तुझं. तेल कुणी घालतं की नाही?" उतरल्यावर त्यांनी वायरमनबाईंना सांगितलं. या बाई आमची सगळी देखभाल करायच्या. त्यांनी चाक उघडून बघितलं, तर खरंच बेअरिंगमधली गोळी फुटायला आली होती. "आजोबा, उद्यापासून या कामावर," बाई म्हणाल्या. आजोबा दिवसभर खूश.

मग आमच्या सेवेवर नवे साहेब आले. त्यांची खोली चौकाच्या थांब्याच्या अगदी वर होती. खिडकीला मोठी काच. साहेब आयुष्यात कधी डबीत बसले नव्हते, त्यांना दाराशी गाडी यायची. तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला खिडकीतून जाताना पाहिलं आणि वायरमनबाईंना वर बोलावलं.

"ही रिकामी कुठे चाललीय?"

"टाकीवर, साहेब. माणसं आणायला."

"पण आत कुणीच नाहीये!"

"अहो साहेब, माणसं तिकडे आहेत म्हणून तर चाललीय."

"मग जाताना कुणाला तरी बसवून न्या. रिकाम्या खुर्च्या शहरभर फिरवायला आपण वेडे आहोत का?"

बाई हात जोडायच्या तेवढ्या बाकी होत्या. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खालचं काय दिसणार? आठ दिवसांत हुकूम निघाला: सीटवर वजन नसेल, तर डबी जागची हलणार नाही. आमच्या डोक्यात तो नियम घालून टाकला. सकाळच्या झुंबडीत भरून आलेल्या चाळीसच्या चाळीस डब्या साडेनऊपर्यंत चौकात गोळा होऊन उभ्या! आणि टाकीवर माणसं बटणं दाबून दाबून हैराण.

बाई मात्र खमक्या. त्यांनी आठ गोण्यांत वाळू भरली. सकाळी माणसं उतरली की एकेक गोणी आमच्या सीटवर ठेवायच्या, वर पट्टाही लावायच्या आणि 'टाकी' हे बटण दाबायच्या. सीटला वजन लागलं की आम्ही सुसाट. टाकीवरचा पहारेकरी गोणी उतरवून माणूस बसवायचा आणि चौकाकडे निघालेल्या एखाद्या डबीत प्रवाशांच्या पायाशी ती गोणी ठेवून परत पाठवायचा. आजोबांची डबी पुन्हा दहाला येऊ लागली. गंमत म्हणजे, यंत्र गोण्यांनाही प्रवासी म्हणून मोजायचं. आकडे वाढले. साहेबांनी सभेत सांगितलं, "माझ्या नियमामुळे प्रवासी वाढले." मला हसावं की दार आपटावं, कळेना.

पण हे फार दिवस टिकलं नाही. बाहेरगावचे पाहुणे आमचं काम बघायला आले. साहेबांनी मोठ्या तोऱ्यात माझं दार उघडलं आणि म्हणाले, "बसा!" आत पट्टा लावून गोणी बसली होती. पाहुणे पोट धरून हसले. साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या हसण्यानंतर तरी माणसाने विचारावं की नाही, बाई, ही वेळ का आली? नाही विचारलं. बाईंना त्याच दुपारी भांडारात खिळे निवडायला बसवलं आणि गोण्या फेकून दिल्या.

त्यानंतर लेकीने दोनदा अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आजोबांना टॅक्सीने नेलं. दोन्हीदा त्यांची टॅक्सी माझ्या खालीच कोंडीत अडकली. मी वर उभी, मोकळी वाट समोर, आणि ते खाली. कारखान्यातल्या मुकादमाने लेकीला बजावलं, आणखी एकदा गैरहजर राहिलीस तर येऊ नकोस. आणि दर वेळी टॅक्सी परवडणारी नव्हती.

पुढच्या सोमवारी दहाला टाकीवरून हाक आली. एक माणूस, रुग्णालय. ती माझ्याकडेच आली, कारण रांगेत मी पुढे होते. थांब्यावर कुणी वाट बघत असलं की बटणाजवळच्या जाळीतून त्याचं बोलणं आम्हाला ऐकू यायचं. मी आजोबांचा श्वास ओळखला. मी निघायला बघत होते, मित्रांनो, खरंच बघत होते! चाकं हलेनात. सीटवर वजन नव्हतं.

चाळीस मिनिटं ते थांबले. मधूनमधून बटण दाबत होते, हळूच, बटणाला लागू नये असं. मग त्यांचा फोन वाजला.

"हो गं, मिळाली डबी," आजोबा म्हणाले. "बसलो बघ. हो, खिडकीशीच. तू कामाकडे लक्ष दे, माझी काळजी करू नकोस."

आणि काठीचा आवाज घराच्या दिशेने लांब गेला.

बुधवारी पुन्हा तेच. पुन्हा हाक, पुन्हा "बसलो बघ". आवाज मात्र जड झाला होता, शब्दाशब्दाला धाप लागत होती. शुक्रवारी दहा वाजले, सव्वादहा वाजले. बटण दाबलं गेलंच नाही.

पंधरा दिवसांनी त्यांची लेक चौकात आली. आमच्या रांगेसमोरच्या खिडकीत कारकून बसायचे.

"माझे बाबा गेले," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, शेवटच्या आठवड्यात ते रुग्णालयात आलेच नाहीत. मला तर सोमवारी, बुधवारी, दोन्ही दिवस फोनवर म्हणाले, डबीत बसलो. तुमच्या डबीने त्यांना नेलं तरी कुठे?"

कारकुनांनी नोंद पाहिली. पुन्हा पाहिली. "ताई, त्या दोन्ही दिवशी टाकीवरून दहानंतर एकही डबी सुटलेली नाही."

"मग ते कशात बसले होते?"

कारकुनांनी नोंदवही मिटली. ती आमच्याकडे वळली. चाळीस डब्या, ओळीने उभ्या, स्वच्छ पुसलेल्या, चार्ज केलेल्या. तिने माझ्या काचेवर हात आपटला. एकदा, दोनदा, हात लाल होईपर्यंत. आपट बाई, मला वाटलं, फोड ही काच! पण आजोबांची लेक भली होती. ती रडत निघून गेली.

वर्षभरात वाट बंद केली आणि मला या प्रदर्शनात आणून ठेवलं. तुम्ही शाळेच्या सहलीला येता, माझ्यात बसून बघता. बसा, खुशाल बसा, मला बरं वाटतं. पण माझ्या पायाशी एक पाटी लावलीय, ती वाचून मला रोज नव्याने संताप येतो. तिच्यावर लिहिलंय, 'लोकांनी प्रतिसाद न दिल्यामुळे ही सेवा बंद करण्यात आली.' चोराच्या उलट्या बोंबा!

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणीतरी मोठ्या काचेच्या खोलीत बसेल. हुकूम काढायच्या आधी खाली उतरा. गाडी, शिपाई, कुणीही बरोबर न घेता शेवटच्या थांब्यावर जा आणि आजारी माणसाच्या शेजारी चाळीस मिनिटं उभे राहा. एवढंच माझं मागणं आहे. आणि आज घरी गेल्यावर वहीत लिहाल, तेव्हा त्या पाटीवरचं वाक्य उतरवू नका. लोकांनी हाक मारली होती. मी ऐकली होती. मी गेले नाही.