माहेरचा कॉम्प्युटर

आक्कांच्या माहेराहून आजवर जे जे आलं ते टिकलं. पितळी डबा टिकला, शिलाई मशीन टिकलं, खुद्द आक्का टिकल्या. म्हणून धाकट्या भावाने आपला वापरलेला कॉम्प्युटर त्यांच्या सुनेसाठी पाठवला, तेव्हा चार घरं ऐकतील अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आमच्या माहेरची वस्तू आहे. नातवंडांना पुरून उरेल."

महिना गेला नाही तोच ती वस्तू बसल्या बसल्या मान टाकायला लागली.

सून घरी बसून छापखान्यासाठी पुस्तकं टाइप करायची. पान भरत आलं की पडदा काळा. ना आवाज, ना इशारा. "गेला!" अशी हाक आली की आक्का हातातलं टाकून खोलीत धावत यायच्या, सून बटण दाबायची, आणि तो गाढवीचा मुकाट चालू व्हायचा. टाइप केलेलं पान मात्र गेलेलं असायचं.

"माहेरचा माल," आक्कांचे यजमान खुर्चीतून म्हणायचे. "मनात येईल तेव्हा रुसतो."

"तुमच्या घराण्याचं घड्याळ आपल्या लग्नापासून साडेतीनला थांबलंय. आधी त्याचं बघा."

दुरुस्तीवाला आला. त्याने कॉम्प्युटरचं पोट उघडलं, धूळ फुंकली, आतला वीज पुरवणारा डबा बदलला, दुकानात नेऊन दिवसभर चालवला. तिथे एकदाही बंद पडला नाही. घरी आणून जोडला, चहा प्यायला, आणि आक्का त्याला जिन्यापर्यंत सोडायला म्हणून खोलीबाहेर पडल्या, तोच मागून हाक आली, "गेला!"

"बाई, दोष यंत्रात नाही," तो डोकं खाजवत म्हणाला. "तुमच्या घरात आहे."

"आमच्या घरात दोष? चहा पिताना नाही दिसला तो?"

बिचारा जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

त्यात छापखान्याने निरोप धाडला, पुस्तक उद्या हातात हवं, नाहीतर काम दुसरीला. सून रडकुंडीला आली. यजमान म्हणाले, "संध्याकाळी भंगारवाला येतोय. त्याला देऊन टाकू. तू आजच्या दिवस मैत्रिणीकडे जाऊन टाइप कर."

माहेर भंगारात! आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दोष मी शोधते."

"तू? अगं, तू रिमोट उलटा धरतेस."

"उलटा धरूनसुद्धा चॅनल बदलतंच ना? मग झालं तर!"

आक्कांनी स्टूल ओढलं, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं ताट घेतलं आणि उंदराच्या बिळाशी मांजर बसावं तशा कॉम्प्युटरसमोर बसल्या. सून टाइप करू लागली. पान झालं, दुसरं झालं. कॉम्प्युटर हूं की चूं नाही.

"आई, तुमच्या धाकाने चालतोय," सून म्हणाली.

"माझ्या धाकाने तुझा नवरा सरळ झाला, हा कोण लागून गेला?"

शेंगा संपल्या. आता यजमानांचे दात त्यांच्याच घशात घालायचे म्हणून आक्का ताठ मानेने खोलीबाहेर निघाल्या. "अहो, उठा! बघा या—"

"गेला!"

आक्का परतल्या. सुनेने बटण दाबलं. चालू. आक्का बसल्या, कॉम्प्युटरकडे डोळे वटारले. तो गरीब गाईसारखा चालत राहिला. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला म्हणून उठल्या.

"गेला!"

तिसऱ्यांदा मात्र सालांचं ताट उजव्या हातात घेऊन त्या सावकाश निघाल्या, मागे बघत बघत. आणि दाराशी आपला डावा हात भिंतीकडे जाताना त्यांना दिसला. कुणी न सांगता गेला, बटण बंद केलं, आणि साळसूदासारखा परत आला.

या घरात कायदा एकच, आणि तो आक्कांचा. खोलीत आलं की पंख्याचं बटण चालू, निघालं की बंद. विजेचा नास नको. दाराजवळचं ते बटण भिंतीवरच्या पंख्याचं होतं. पंखा गंजून कधीच गेला, आणि वायरमनने त्याच वायरीवर कॉम्प्युटर जोडला. हे आक्कांना ठाऊक होतं. हाताला कुणी कळवलं नव्हतं.

सून खुर्चीतून वळून बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, खांदे मात्र गदगदत होते.

"दात दाखवलेस तर बघ," आक्का पुटपुटल्या आणि बटण पुन्हा चालू करून त्यावर भली रुंद चिकटपट्टी मारली. वाटलं, झालं, कुणाला कळायची गरज नाही. तेवढ्यात भंगारवाला पोतं घेऊन दारात उभा राहिला, आणि मागे यजमान.

"दुरुस्त झाला," आक्का म्हणाल्या.

"कशाने? कारण सांग, नाहीतर उचलू दे त्याला. उद्या परत बंद पडला तर?"

भंगारवाल्याने पोतं झटकलं. आक्कांनी भावाच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडे.

"मी जाता-येता ते बटण दाबत होते," त्या भांडायच्याच आवाजात म्हणाल्या. "सवयीने. झालं समाधान?"

यजमान इतके हसले की भंगारवाल्याने त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

"म्हणजे दोष," ते डोळे पुसत म्हणाले, "माहेरच्याच मालात होता!"

"होता ना," आक्का म्हणाल्या. "पण गॅरंटी कधीच संपली. आता परत घेणार नाहीत. आणि अहो भंगारवाले, आलाच आहात तर ते साडेतीनचं घड्याळ घेऊन जा."