दोन्ही बाजूंना लाकूड

"एका बंदुकीच्या पैशांत गोठ्याचं छप्पर झालं असतं," बुर्गी पुटपुटली. "आणि वर एक बरा ट्रॅक्टर आला असता."

शेजारी बसलेल्या नवऱ्याला ऐकू जावं इतपत मोठ्यानं, पण त्याला उत्तर द्यावं लागू नये इतपत हळू. लग्नाला छत्तीस वर्षं झाली की हा आवाज आपोआप घशात बसतो. फ्लोरी वुट्टेनं तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या सीटवर ह्यूबर्ट होता, फ्लोरीचा शिकारीतला जन्माचा जोडीदार. बुर्गीनं पहाटे भाजलेला दालचिनी-मनुकांचा गोल राइंडलिंग केक त्याच्या मांडीवर होता, आणि वळणावळणावर तो त्याला बाळासारखा सावरत होता.

"छपराखाली गाई राहतात, बुर्गी," तो म्हणाला. "गाईंना काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळतं तेवढं तर नक्कीच कळतं. आणि मनुका उकरू नकोस, आरशात दिसतोयस मला."

गाडी बुर्गी चालवत होती. गेलं दीड वर्ष तीच चालवत होती. कारण फ्लोरीचा गुडघा. हा गुडघा मोठा समजूतदार होता. रान चढताना, लाकडं फोडताना, लग्नात नाचताना तो मुळीच दुखत नसे. फक्त गाडीच्या किल्ल्या समोर आल्या की दुखायला लागे. गावात सगळे जण त्या गुडघ्याची आस्थेनं चौकशी करत. त्याच्या वर, चेहऱ्यापर्यंत, कुणाचीच चौकशी जात नसे.

दरी ओलांडून ते बंदुका घडवणाऱ्यांच्या गावी, फेर्लाखला उतरले. मे महिना होता, तरी मागे कोशुटा डोंगराच्या कड्यावर बर्फाच्या रेघा होत्याच. या गावात कुठल्याही गल्लीत उभं राहिलं तरी कानसीचा आवाज येतो. एक जण नळी घडवतो, दुसरा तिचा खटका बसवतो, तिसरा त्यावर रानकोंबडे कोरतो. नेझा ओलिपिट्स बंदुकांचे लाकडी दस्ते करायची. बापानंतर तीच. चाळिशीची, आखूड केसांची, आणि हाताला कायम काजळी लागलेली बाई.

ती काजळी म्हणजेच तिचं अर्धं काम होतं. नळीचं लोखंड दिव्याच्या काजळीनं माखायचं, लाकडाच्या खाचेत दाबायचं, उचलायचं. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटला तिथे लाकूड जास्त आहे. तेवढंच पटाशीनं खरवडायचं, कागदापेक्षा पातळ. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असं आठवडेच्या आठवडे, जोवर सगळी खाच एकसारखी काळी होत नाही तोवर.

बुर्गी खोड काढायलाच आली होती. तिनं चष्मा लावला, ओट्यावर ठेवलेल्या बंदुकीवर वाकली, आणि लोखंड जिथे लाकडात शिरलं होतं त्या रेषेवरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही. तिनं उलट्या बाजूनं फिरवून पाहिलं. लोखंड कुणी लाकडात बसवलंय असं वाटेचना; ते अक्रोडाच्या त्या खोडातूनच फुटून आल्यासारखं दिसत होतं. बंदूक अजून कच्ची होती. ना तेल, ना कोरीवकाम. तरी लाकडातल्या गडद रेघा मुठीच्या जागी सरळ होत्या आणि मागे जाऊन धुरासारख्या पसरल्या होत्या. बुर्गीच्या आईच्या दागिन्यांतसुद्धा इतकं देखणं काही नव्हतं. अर्थात हे ती बोलणार नव्हती.

"दुकानात दीड हजार युरोला मिळते," ती म्हणाली. "तीही मारते म्हणे."

"मारते की," नेझा म्हणाली. "चांगली मारते. माझ्या भावाकडे तसलीच आहे."

"मग?"

"ती सरासरी माणसाच्या मापाची असते, बुर्गीबाई. तुम्ही कधी सरासरी माणूस पाहिलाय?"

बुर्गीनं ह्यूबर्टकडे पाहिलं. "हा जवळपास आहे."

"दुकानातल्या बंदुकीत माणूस स्वतःला बसवतो," नेझा हसत म्हणाली. "मान वाकवतो, खांदा चढवतो. तीस वर्षं बसवतो आणि त्याला पत्ता नसतो. इथे मी बंदूक माणसात बसवते. त्यानं डोळे मिटून उचलली, डोळे उघडले, की नेम आधीच तिथे. पैसे त्याचे. बाकी कोरीवकाम वगैरे शेजाऱ्यांना दाखवायला."

फ्लोरी हे ऐकत लाकडावर तळवा ठेवून उभा होता. झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर ठेवावा तसा. ही बंदूक का आली ते बुर्गीला ठाऊक होतं. ती तिच्याच एका वाक्यातून आली होती.

गेल्याच्या आधीच्या शरदात फ्लोरी आणि ह्यूबर्ट कोशुटावर गॅम्सच्या शिकारीला गेले होते. तो डोंगरी बकरा कड्यावर उभा होता, अंतर काही फार नव्हतं. संध्याकाळी दोघं त्याला घेऊन परतले. फ्लोरीच्या टोपीत उजव्या बाजूला रक्तात बुडवलेली फर झाडाची डहाळी होती. शिकार ज्याची त्याची ती डहाळी. जोडीदार टोपीवर ठेवून ती पुढे करतो आणि हात मिळवतो. सगळं रीतसर होतं. फक्त फ्लोरी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बुर्गीनं कातडं सोलताना दोन भोकं पाहिली. एक खांद्यामागे, नीटस. दुसरं मागच्या मांडीत. मांडी फुटलेला तो जीव दिवसभर खडकांतून फरफटत गेला होता, शिकारी कुत्रीनं माग काढला होता, आणि खांद्यामागचं भोक ह्यूबर्टच्या बंदुकीचं होतं. डहाळी ह्यूबर्टची होती. त्यानं ती मित्राला दिली होती, आणि मित्रानं घेतली होती.

तोवर घरातही चालू होतंच. कपाच्या शेजारी सांडलेली कॉफी. वर्तमानपत्र वाचताना एका बाजूला कललेलं डोकं. दाराच्या उजव्या चौकटीवर आदळलेला खांदा. पण कातडं हातात धरून उभ्या असलेल्या बुर्गीकडे फ्लोरीनं ज्या नजरेनं पाहिलं, ती पाहून ती म्हणाली, "ती तुझी जुनी बंदूक झिजलीय, फ्लोरी. नळी गेलीय तिची."

ह्यूबर्टनं मान डोलावली. रविवारी शिकारी मंडळातल्या सगळ्यांनी डोलावली. इतक्या जुन्या नळीचा काय भरवसा, असं जो तो म्हणाला. सगळ्या गावानं मिळून एका निरपराध बंदुकीला फासावर दिलं. महिन्याभरात फ्लोरीनं वरच्या उतारावरचं लाकूड विकलं आणि नेझाकडे माप द्यायला गेला. गेल्या शरदात तो शिकारीला गेलाच नाही. नवी येतेय ना, म्हणाला. येत्या शरदात मात्र जाणार होता. कड्यावर गॅम्स उभा असणार होता, आणि या वेळी बंदुकीकडे बोट दाखवायची सोय राहिली नव्हती.

"चला वुट्टेसाहेब, माप बघू," नेझानं बंदुकीवर दुर्बीण चढवली आणि दस्त्याच्या वरच्या कडेला काजळी फासली. "पलीकडच्या भिंतीवर पांढरा ठिपका आहे. त्याच्याकडे तोंड करा. डोळे मिटा. उचला."

फ्लोरीनं डोळे मिटले आणि बंदूक उचलली. ह्यूबर्टचं राइंडलिंग चघळणं थांबलं. बाई घागर कमरेवर घेते तसं ते उचलणं होतं. कुठे जोर नाही, कुठे विचार नाही. दस्ता उजव्या खांद्याच्या खळगीत गेला आणि गाल लाकडावर टेकला.

"उतरवा."

उजव्या गालाच्या हाडाखाली एक बारीक काळी रेघ उठली होती. काजळ घालणाऱ्या हातानं ओढावी इतकी सरळ.

"बघ!" ह्यूबर्ट म्हणाला. "छप्पर म्हणे!"

आणि बुर्गीनं मनातल्या मनात छप्पर सोडून दिलं. गळू दे. या माणसाचं चाळीस वर्षांचं उभं राहणं, वाकणं, खांद्याचा उतार, सगळं कुणीतरी लाकडात उतरवून ठेवलं होतं. याला काय किंमत लावायची?

नेझानं रेघ पुसली आणि पुन्हा काजळी लावली. "आता डोळे उघडे ठेवून. ठिपक्यावर नेम धरा."

फ्लोरीनं बंदूक उचलली. गाल टेकला, आणि मग सरकायला लागला. हनुवटी दस्त्यावरून पलीकडे गेली, मान वाकडी झाली, नाक लाकडावर दाबलं गेलं. तरीही तो ढकलतच होता. शेवटी त्याचा डावा डोळा कसाबसा दुर्बिणीमागे पोचला.

"उतरवा," नेझा म्हणाली.

काजळी नाकाच्या कडेला होती, ओठावर होती, हनुवटीला होती. धुराडं साफ करून आल्यासारखा तो दिसत होता. कुणी हसलं नाही.

"टोपी आडवी येतेय," ह्यूबर्ट म्हणाला.

टोपी खुंटीवर होती.

"आणि इथला उजेड..." तो पुढे म्हणाला आणि राइंडलिंगचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

"दस्ता जाड राहिलाय," फ्लोरी म्हणाला. "गाल बसत नाही. वरून काढ थोडं."

"बघते," नेझा म्हणाली. तिनं दस्ता शिकंज्यात धरला, आणि तेव्हा बुर्गीला दिसलं. शिकाऱ्याची बायको म्हणून तिला एवढं ठाऊक होतं की उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो. घरच्या बंदुकीला तिथेच एक उंचवटा होता, फक्त डावीकडे. या दस्त्याला तो डावीकडे होता आणि उजवीकडेही होता. उजवीकडचा जाड, अनघड, हात न लावलेला.

"हे दोन्ही बाजूंना कसं?" तिनं विचारलं.

नेझानं पटाशी कपड्यावर पुसली. गरज होती त्यापेक्षा जास्त वेळ पुसली. "लाकूड चांगलं आहे. म्हटलं, घाई कशाला."

दीड वर्ष. माप घेतलं तेव्हाच हिला कळलं होतं, आणि दीड वर्ष तिनं त्या एका बाजूला पटाशी लावली नव्हती. सगळी खाच कागदाच्या जाडीनं कोरली, पण तेवढी एक जागा एका माणसाच्या बोलण्यासाठी राखून ठेवली. दुकानातली बंदूक कुणासाठी अशी थांबते?

"आता मात्र ठरवायला हवं," नेझा म्हणाली. "आठवड्याभरात कोरणाऱ्याकडे द्यायचीय. उजवीकडचा काढते मग, वुट्टेसाहेब?"

"काढ."

"गेलेलं लाकूड मला परत चिकटवता येत नाही."

"माहितीय. काढ."

नेझानं पटाशी उजव्या उंचवट्यावर टेकवली. पण तिनं फ्लोरीकडे पाहिलं नाही, बुर्गीकडे पाहिलं. बुर्गीला मांडीतलं ते भोक दिसलं, आणि खडकांवरून फरफटत गेलेलं रक्त, जे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"थांब," ती म्हणाली. "जुन्या बंदुकीला काहीही झालेलं नव्हतं."

"बुर्गी..." ह्यूबर्ट घास गिळत म्हणाला.

"तू बोलू नकोस. डहाळी तू दिलीस. नळी झिजली असं मी म्हटलं. दोघांनी मिळून त्याला इथे आणून उभा केलाय." ती रागावल्यासारखं दाखवत पर्समध्ये रुमाल शोधायला लागली.

गल्लीत कुणाची तरी कानस चालू होती, ती थांबली, पुन्हा सुरू झाली. फ्लोरीनं ओट्यावरचं फडकं घेऊन हनुवटी पुसली. नीट पुसली गेली नाही. मग त्यानं शिकंजा सैल केला, बंदूक काढली, थोडा वेळ आडवी धरली आणि डाव्या खांद्याला लावली. दुसऱ्याचा कोट चढवावा तशी, अवघडून. कोपर कुठे ठेवायचं ते त्याला कळेना. पण मान सरळ होती. गालानं उजव्या बाजूचा तो अनघड उंचवटा शोधला आणि तिथे तो थांबला.

"ठिपक्याच्या खाली एक ओरखडा आहे," तो म्हणाला.

"आहे," नेझा म्हणाली. "मांजराचा."

तो तसाच उभा राहिला, दुर्बिणीतून डोळा न काढता.

"उजव्या डोळ्यानं मला तो ठिपकाच दिसत नाही, बुर्गी," फ्लोरी म्हणाला. "दोन वर्षं होत आली."