उसन्या पिचरची टोपी

आमच्याकडच्या बेसबॉलच्या गावसंघांत जुनी रीत आहे. जिल्ह्यातून जिंकून जो संघ राज्यस्पर्धेत जातो, तो हरलेल्या संघांकडून पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, उसने घेतो. शर्ट त्यांचा, टोपी त्यांची, हात आपल्या माणसाचा. स्पर्धा संपली की शर्ट-टोपी परत करायची आणि पुढच्या मोसमात पुन्हा एकमेकांचे दात पाडायला मोकळं. यंदा आमच्या केंट लेक गावाला हरवून घरी बसवणाऱ्या ओस्लंडनेच माझ्या नवऱ्याला मागून नेलं.

आर्लन ‘हो’ म्हणाला तेव्हा मी आमच्या लेकीला, टिलीला, भरवत होते. मी नको म्हणणार होते, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसले. त्याचं उजवं कोपर गेल्यातच जमा होतं. केस विंचरताना तो हात वर न नेता डोकं खाली आणायचा. मला दिसू नये म्हणून माझ्याकडे पाठ करून. हा शेवटचा मोसम, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या संघातून इतकी वर्षं खेळून तो राज्यस्पर्धेच्या मैदानावर कधी उभासुद्धा राहिला नव्हता. त्याला काय हवंय हे तो बोलला नाही. फक्त एकदा, गाडी धुता धुता, त्याने विचारलं, “त्या ओस्लंडच्या भोंग्यावर नावं पुकारणाऱ्या ड्युएनला आपलं आडनाव नीट म्हणता येईल का गं?”

ह्रूश्का. कुणालाच म्हणता येत नाही. पण सामना संपल्यावर भोंग्यावरून एकाच खेळाडूचं नाव घेतात, स्पर्धेच्या मानकऱ्याचं. मग मी काय ते समजले.

स्पर्धा ओस्लंडच्याच मैदानावर होती. पहिल्या रविवारी मी टिलीला घेऊन जाळीमागे एकटीच बसले. चेंडू येऊन लागेल, ऊन लागेल, मधमाशी चावेल, या तिन्ही भीती मांडीवर घेऊन. आजूबाजूच्या बायका ओळखीचं हसायच्या आणि दोन जागा सोडून बसायच्या. मी केंट लेकची ना!

दुसऱ्या रविवारी सॉसेजची टपरी चालवणाऱ्या मार्लिसने आतून हाक मारली. “ए पोरी, लेकरू भाजून काढतेस का? ये आत. कांदा चिरता येतो ना, की तुमच्या गावात तोही उसना आणतात?”

मी आत गेले. टपरीत पंखा होता, सावली होती, टिलीला कडेवर घ्यायला चार जणी होत्या. बाळ झाल्यापासून इतक्या बायकांत मी बसलेच नव्हते. त्या आपापल्या नवऱ्यांची टर उडवत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “तुमची टोपी आमच्या घरी कुठे असते माहितीये? कुत्र्याच्या घरावर!”

मार्लिस इतकी हसली की तिने एप्रनने डोळे पुसले. “ऐका गं! आपली टोपी आणि कुत्र्याच्या घरावर!”

गोष्ट खोटी नव्हती. फक्त अर्धी होती. प्रत्येक सामन्यानंतर आर्लन ती टोपी मोरीत उभा राहून डाव्या हाताने, मऊ ब्रशने धुवायचा. दुसऱ्याची वस्तू आहे, घामाचा डाग राहता कामा नये म्हणायचा. आणि आमच्या अंगणात ऊन पोहोचतं ते एकाच ठिकाणी, आमच्या कुत्र्याच्या, पिकलच्या घराच्या छपरावर. तिथे तो एका उपड्या डब्यावर ती बसवायचा, आकार जाऊ नये म्हणून. पण हे सगळं सांगितलं तर हसू कुठे येतं? म्हणून धुण्याची गोष्ट मी गाळली.

परवा अंतिम सामना झाला. आर्लनने आठव्या डावापर्यंत एकच रन दिली. त्याआधी कोल्बीने, म्हणजे मार्लिसच्या भाच्याने, कुंपणापलीकडे चेंडू टोलवून दोन रन्स आणल्या होत्या. ओस्लंड दोनास एकने पुढे. मानकरी नऊपैकी आठव्याच डावात ठरवायचा, कारण सामना संपल्या संपल्या त्याच्या हातात नावाची पाटी द्यायची असते. ठरवणारे तिघे: भोंग्यावरचा ड्युएन, म्हातारा गॉर्डी आणि मार्लिस. मार्लिसला टपरी सोडून जाता येईना, म्हणून ते दोघंच टपरीत आले. मी कोपऱ्यात कांदा चिरत होते.

“लवकर बोला,” ड्युएन म्हणाला, “नाहीतर मी माझंच नाव पुकारतो.”

“त्यात बोलायचंय काय?” गॉर्डी म्हणाला. “तिन्ही सामने त्या पोराने ओढलेत. त्या ह्रू... ह्रुस... पिचरला द्या.”

“आणि कोल्बीचा होमरन काय आभाळातून पडला?”

“आभाळातूनच पडला, मार्लिस. माझ्या गाडीच्या टपावर. पोचा आलाय.”

“थट्टा नको. पाटी शेवटी आपल्या टपरीच्या भिंतीवर लागणार. पुढच्या वर्षी हाच माणूस आपल्याला आडवं करणार आणि आपण त्याच्या नावाखाली बसून सॉसेज विकायचे? कोल्बी या मैदानावर चालायला शिकला.”

“चालायला शिकल्याची पाटी वेगळी असते. ही खेळल्याची आहे,” गॉर्डी म्हणाला. “मोलाचा खेळाडू म्हणजे ज्याच्याशिवाय आपण हरलो असतो तो. याच्याशिवाय आपण पहिल्याच रविवारी सामान बांधलं असतं.”

ड्युएन मान डोलावू लागला. पुढचं वर्ष नाहीच, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. माझी सुरी थांबली होती.

“अरे, पण ज्याला आपली टोपी कुत्र्याच्या घरावर टाकवते, त्याला आपली पाटी?” मार्लिस म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानेच ठेवला. “हो ना गं पोरी? तूच सांगितलंस ना?”

तिघंही माझ्याकडे बघत होते. गॉर्डी तर अशा नजरेने, की मी नाही म्हणावं. टिली शेजारच्या बाईच्या खांद्यावर झोपली होती. पंखा फिरत होता. एक वाक्य पुरलं असतं: तो ती धुतो.

मी हसले आणि मान डोलावली.

“बघा,” मार्लिस म्हणाली. गॉर्डीने टोपी डोळ्यांवर ओढली. “तुमचं गाव, तुमची पाटी,” म्हणून तो बाहेर पडला, जसं काही त्याचं गाव वेगळं होतं.

नवव्या डावात आर्लनचा हात वरच जाईना. दुसऱ्या पिचरने सामना संपवला. ओस्लंड जिंकलं. सगळे खेळाडू रांगेत उभे राहिले, ड्युएनने भोंग्यावरून कोल्बीचं नाव घेतलं. आर्लन टाळ्या वाजवत होता. डावा तळहात स्थिर धरून त्यावर उजवा हळूच टेकवत होता. मी टपरीच्या दारातून बघत होते. त्याने मान वळवून भोंग्याकडे पाहिलं, अजून एखादं नाव यायचं असेल असं. मग पाहिलं नाही.

उसने शर्ट-टोप्या टपरीवरच परत करायच्या असतात. आर्लन आला. शर्टाची घडी, वर टोपी. टोपी पांढरीशुभ्र. मार्लिसने ती हातात घेऊन फिरवली. आजूबाजूला बीअरचे ग्लास घेऊन निम्मं गाव उभं होतं.

“राहू दे रे तुझ्याकडेच,” ती हसत म्हणाली. “कुत्र्याला उन्हात लागेल!”

हशा पिकला. आर्लनही हसला, आधी काही न कळता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, उतरायला जागा नसल्यासारखं.

“तो धुवायचा ती,” मी म्हणाले. माझा आवाज नको तितका मोठा निघाला. “दर सामन्यानंतर. हाताने. ब्रशने. वाळत घालायला तिथेच ऊन येतं म्हणून... त्याचं कोपर गेलंय, तो पुन्हा कधी खेळणार नाहीये, आणि तरी तो...”

कोणी ग्लासात बघू लागलं. मार्लिसचा चेहरा पडला. “अगं, गंमत चालली होती,” ती पुटपुटली. कोल्बी पाटी घेऊन चार पावलांवर उभा होता. त्याने ती पाठीमागे नेली.

“चल,” आर्लन म्हणाला. फक्त मला ऐकू येईल असं.

गाडी मी चालवली. दोन्ही बाजूंना मका होता. मागे टिली खुळखुळा वाजवत होती.

“ते सांगायला नको होतंस,” तो म्हणाला.

“मी आधीच सांगायला हवं होतं. त्यांनी विचारलं होतं, आर्लन. ठरवायच्या वेळी. मी हो म्हणून मान डोलावली.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, “ते एक वेळ चाललं असतं. पाटी काय, कोल्बीचा होमरन होताच तसा. पण मोरीतलं ते माझं एकट्याचं होतं.”

घरी आलो तेव्हा पिकल शेपटी हलवत साखळी ताणत होता. त्याच्या छपरावर तो उपडा डबा अजून होता. आर्लन सरळ तिकडे गेला, डबा डाव्या हाताने उचलला आणि गॅरेजमध्ये ठेवून आला. टिलीला गाडीतून काढायला तो नेहमी पुढे होतो. तो आला, दार उघडलं, हात वर नेला आणि थांबला.

“तू घे,” म्हणाला.

मी तिला घेतलं. घराचं दार त्याने माझ्यासाठी धरून ठेवलं, मी आत जाईपर्यंत, पाहुण्यांसाठी धरतात तसं.