माझ्यावर न ठेवलेले मासे

मित्रांनो, मी मासे मोजायची एक जुनी सागवानी फळी आहे. खांदा कॉलनीतल्या एका घराच्या गॅलरीत, पाण्याच्या पिंपाशेजारी, दोन विटांवर आडवी पडून असते. माझ्या डोक्याशी एक उभी पट्टी आहे आणि अंगावर सेंटिमीटरच्या रेघा. माशाचं तोंड पट्टीला टेकवायचं आणि शेपटी जिथे संपेल तो आकडा वाचायचा, एवढंच माझं काम. ते मी इतकं चोख केलं की मला स्वतःचा फार गर्व झाला होता. तो कसा उतरला, ते सांगते.

१९८८ साली पनवेलच्या एका सुताराने मला घडवलं आणि कमलाकरांच्या हाती दिलं. ते माशांची पाहणी करणाऱ्या एका कचेरीत नोकरीला होते. माणूस शिस्तीचा, पण भारी भिडस्त. दर मंगळवारी मला काखेत मारून ते एसटीने उरणकडच्या एका धक्क्यावर जात. होड्या लागल्या की समोर येईल ती टोपली, काहीही न निवडता, मोजायची असा नियम होता. त्या मापांवरून दर्यात पिल्लं किती, मोठे मासे किती आणि पुढच्या वर्षी किती उरतील, याचा अंदाज बांधायचा.

त्या धक्क्यावर गुणाबाई होत्या. नवरा वारलेला, एक होडी आणि कल्पेश नावाचा एकुलता एक मुलगा. कमलाकर दिसले की त्या पेटी पालथी घालून त्यांना बसायला देत, चहा मागवत. त्यांच्यासाठी एक टोपली आधीच काढून ठेवलेली असे. तीत हातभर लांब घोळ मासे आणि ताटाएवढी पापलेटं. नियमाप्रमाणे ती टोपली नको म्हणायला हवी होती. पण एवढ्या मायेने ठेवलेलं परत कसं करायचं, याची कमलाकरांना भीड पडे. आणि खरं सांगू का, मीही खूश होते. ताटाएवढं पापलेट अंगावर घेऊन मिरवायला कोणाला आवडणार नाही?

चार वर्षं असं चाललं. मग कचेरीत कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला चारुता नावाची तरुण मुलगी आली. तिने आमची सगळी मापं त्यात भरली आणि कमलाकरांना बोलावलं.

"काका, यात बारीक मासे जवळजवळ नाहीतच."

"मोठे मिळतात, चांगलंच आहे की."

"एक तर पिल्लं समुद्रात नाहीत, नाही तर ती तुमच्या फळीवर आलेली नाहीत. यातलं कुठलं खरं, ते मला कळत नाही. म्हणून मी एक आकडा देणार नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत मासा आजच्याइतका राहील किंवा पाव हिस्साही उरणार नाही, यामधलं काहीही होऊ शकतं, असंच लिहिते."

मला राग आला. माझ्या रेघांवर शंका घेते म्हणजे काय? वरच्या साहेबांनाही तो अहवाल रुचला नाही. त्यांनी दोन्ही टोकं खोडून मधला एकच आकडा ठेवला. कमलाकरांनी मात्र दोन्ही कागद वाचले होते.

पुढच्याच मंगळवारी गुणाबाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "साहेब, कल्पेसला नव्या बंदरान कामाचा कागद आलाय. तो बोलतो, जातो. माजा जीव होडीत हाय. तुमी शिकलेलं मानूस. तुमीच सांगा, म्हावरा हाय ना दर्यात फुडं?"

'माहीत नाही' हे शब्द कमलाकरांच्या ओठांवर आले होते. मी काखेत होते, मला ते कळलं. पण इतक्या विश्वासाने विचारणाऱ्या बाईला असलं उत्तर द्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

"भरपूर आहे, गुणाबाई," ते म्हणाले. कल्पेशने बंदराची नोकरी सोडून दिली.

दोन हंगामांत जवळचा दर्या रिता झाला. होड्या लांब लांब जाऊ लागल्या. काढून ठेवायला मोठे मासेच उरले नाहीत, तेव्हा गुणाबाईंनी एकदा खाली मान घालून दुसरी टोपली पुढे केली. तीत बोटभर पिल्लं होती.

"एवढी बारीक कधीपासून येतायत?" कमलाकरांनी विचारलं.

"पयल्यापासून. पर तुमी पाव्हनं. पाव्हन्याला बारकी म्हावरं कशी दाकवू? लाज वाटते."

कमलाकर पेटीवर बसूनच राहिले. गुणाबाईंनी पिल्लं मायेपोटी लपवली होती आणि कमलाकरांनी शंका भिडेपोटी. त्या दिवशी आम्ही एकही मासा मोजला नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास कल्पेशची होडी कधी गेली नव्हती इतक्या लांब गेली. वादळ झालं. होडी आली नाही, तिच्यातली तिन्ही माणसंही आली नाहीत.

कमलाकर निवृत्त झाले आणि मला घरी घेऊन आले. तेव्हापासून ते कधीच न मोजलेले मासे माझ्यावर येतात. भर मे महिन्यात, दुपारी, दोरीवरचे कपडे कडक वाळत असताना माझ्यावर बोटभर ओल उमटते. एक टोक पट्टीला टेकलेलं, दुसरं सहाच्या रेघेवर. मग तिच्याशेजारी दुसरी, तिसरी. कमलाकरांच्या पत्नी आशालताबाई म्हणतात, पिंप गळतंय. पिंप गळत नाही. कमलाकर चष्मा लावून वाकतात आणि वहीत लिहितात: सहा, साडेपाच, सहा. एकदा मात्र ओल माझ्या पट्टीपासून निघाली, माझ्या टोकाबाहेर फरशीवर उतरली आणि माणसाएवढी लांब झाली. त्या दिवशी त्यांनी वही उघडली नाही. मला आजही त्या दुपारची भीती वाटते.

कल्पेश जाऊन तीन वर्षं झाली तेव्हा गुणाबाई एसटीने एकट्याच आल्या. गॅलरीत माझ्याजवळच बसल्या.

"साहेब, तुमाला ठावं असंल. माजा कल्पेस येल का?"

दारातून आशालताबाईंनी खुणावलं, येईल म्हणा. कमलाकरांनी तिकडून नजर वळवली.

"मला माहीत नाही, गुणाबाई. तेव्हाही माहीत नव्हतं."

गुणाबाई अगदी हळू म्हणाल्या, "तवाच बोललं असतं, तर तो बंदरान गेला असता."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कोणी पुढे केलेली टोपली मोजून गप्प बसू नका, मागे ठेवलेलीही मागा. आणि कोणी विश्वासाने काही विचारलं आणि तुम्हाला ठाऊक नसेल, तर तसं सांगा. ऐकणाऱ्याचा चेहरा पडेल, पडू द्या. त्याचं पोर घरी तरी येईल.