तीन तोंडांचं जेवण

शहाऐंशी साली माझं पोट सातव्या महिन्यातच नवव्यासारखं दिसत होतं आणि विक्रोळीच्या आमच्या चाळीने निकाल देऊन टाकला होता, जुळंच! माझ्या सासूबाई, रुक्मिणीबाई, यांनी दोन कुंच्या शिवून ठेवल्या. "नलू, तुका तीन तोंडांसाठी जेवूक व्हया," म्हणत त्या मला सकाळी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि गुळाचा रस, दुपारी मालवणहून आलेलं गुळात घोळलेलं खाजं भरवत. नाही म्हणायची सोय नव्हती. माझं पहिलं बाळ, चांगलं गुबगुबीत, नवव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. मी धड खाल्लं नाही म्हणून गेलं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. राग यायचा मला, पण भीतीही वाटायची. हेही गेलं तर?

घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याचं ऐकलं आणि आधी रक्त तपासायला लावलं. साखर बरीच वाढलेली निघाली.

"गोड बंद," त्या म्हणाल्या.

"खाल्ल्यान कोणाचा वायट होता?" सासूबाई फणकारल्या.

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. आम्हा दोघींना आत नेलं. सोनोग्राफीचं मशीन त्यांच्याकडे नुकतंच आलं होतं. पोटावर थंडगार जेली लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आमच्या टीव्हीवर येतात तशा. मनात म्हटलं, झालं, पैसे पाण्यात.

"हे बघा, हृदय."

मुंग्यांमध्ये काहीतरी इवलंसं उघडझाप करत होतं, भराभर, दम न खाता. लाथा तर रोज खात होते, पण लाथा मारणाऱ्याचं काळीज दिसेल असं कोणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

"दुसरा खंय?" सासूबाईंनी विचारलं.

"एकच आहे, आजी. बाकी पाणी वाढलंय." डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मापं घेतली. "डोकं महिन्याला शोभेल असंच आहे. बाळाचं पोट मात्र मापाच्या फार पुढे गेलंय. आईची जादा साखर बाळाला मिळते, ते नुसतं फुगत जातं. असं बाळ शेवटी शेवटी पोटातच दगावू शकतं. पहिल्याचंही बहुधा तेच झालं असेल. आता कळलंय, तर इंजेक्शनं आणि पथ्य दोन्ही सुरू करू. अजून वेळ आहे."

सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या पडद्याजवळ गेल्या. आता मशीनला हळदकुंकू लावतात की काय, असं मला वाटलं. तेवढ्यात बाळाने हात तोंडाशी नेला. पाची बोटं दिसली. सासूबाईंचे हात आपोआप जोडले गेले. माझं रडू काही आवरेना.

"पयल्याक कोणी जित्तो बघूकच नाय गो," त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. मग वाकून त्या मुंग्यांना दटावल्यासारखं बोलल्या, "तू ऱ्हव रे बाबा. तुझ्या आवशीक आता कोण गोड भरवता, ता मी बघतंय."