आरशावरचे कुंकू

रविवारी संध्याकाळी सात वाजता काळेवाडीतल्या एका गच्चीवरून उतरवून मला पुन्हा खोक्यात घातले. मित्रांनो, मी एक दुर्बीण आहे. वर्षाचीही झाले नाही, तोवर जुनी ठरले.

दुकानात आम्ही दोघी दुर्बिणी शेजारी होतो. ती उंच तिपाईवरची, तोल सांभाळायला वजनांचा दांडा मिरवणारी, पण आरसा लहान. मी बुटकी, स्टुलावर ठेवायची. माझा आरसा मात्र मोठा. चाकणच्या कारखान्यात सुटे भाग तपासणाऱ्या विजयश्रीने मला निवडले. तिला शनीची कडी पाहायची होती.

"यंत्र कसं, आपल्या पायावर उभं पायजे," सासरे दत्तोबा कुरकुरले. "ह्यो तर पिंप हाय!"

"आप्पा, पिंपातच डोकवा आता."

त्यांनी डोकावले. "आरं तिच्या! खरंच कडं हाय की!"

त्या दिवसापासून मी घरचे यंत्र झाले. तिथेच घात झाला.

खंडेनवमी आली. दत्तोबांनी जन्मभर कंपनीत लेथला कुंकू लावलेले. माझ्या आरशाच्या मधोमध एक छोटे वर्तुळ आहे. दोन्ही आरसे एका रेषेत आणायची ती खूण. दत्तोबांना वाटले, टिळ्याची जागाच आखून दिली आहे. नळीत हात घालून त्यांनी तिथे कुंकू लावले. हात काढताना मनगट वरच्या छोट्या आरशाला लागले.

मित्रांनो, कुंकवाने काहीच बिघडले नव्हते. ती जागा छोट्या आरशाच्या सावलीतच असते. पण मी कुणाला सांगणार? विजयश्री कामावरून आली, किंचाळली आणि ओढणीनेच आरसा खसाखसा पुसला. त्याच सकाळी कंपनीत आपल्या मोजमापाच्या यंत्राला तिने स्वतः कुंकू लावले होते!

आरशावर बारीक ओरखडे उठले. शनी फुगलेल्या साबुदाण्यासारखा दिसू लागला.

"तुमच्या कुंकवानं झालं, आप्पा."

"न्हाई, तुझ्या पुसण्यानं."

दोघेही चुकले. ओरखड्यांनी एवढे होत नाही. त्या मनगटाच्या धक्क्याने छोटा आरसा कलला आहे; त्याचे तीन स्क्रू फिरवले की तो सरळ होतो. आरशाला कापड लावण्याआधी माणसाने स्क्रूंकडे पाहावे, एवढेच माझे मागणे.

आता विजयश्री ती तिपाईवाली आणणार आहे. तिच्यातही असेच तीन स्क्रू आहेत.

मला विकत घ्यायला मारुंजीचा शादाब उद्या येणार. "ताई, आरसा ठीक आहे ना?" त्याने फोनवर विचारले. विजयश्रीने दत्तोबांकडे पाहिले. आणि फोन त्यांच्याच हातात दिला.