बाराचे टिन

जिनामागच्या गल्लीत रास्त भाडं घेणारी आपण एकटी, हे विमलताई चाळीस वर्षं सांगत आल्या होत्या. देवळात, लग्नाच्या पंगतीत, भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा. मधल्या काळात नवरा गेला, उमरखेडातलं ते कापसाचं जुनं जिन बंद पडलं, भाडं ऐंशी रुपयांवरून अठ्ठावीसशेवर गेलं, पण वाक्य कायम राहिलं. ते खोटं ठरवायला कोणी आलंच नव्हतं. यंदा दिवाळीच्या सुट्टीत त्यांची नात आली.

अपेक्षा यवतमाळला कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती. घर केवढं आणि भाडं किती, याची पंचवीस उदाहरणं गोळा करायची आणि त्यांतून एक सरळ रेघ काढायची, असा तिला प्रकल्प होता.

"याले समाश्रयण म्हणतात, आजी."

"आश्रयाचंच काहीतरी दिसते," विमलताई म्हणाल्या. "मंग चांगलंच असन."

अपेक्षा वही घेऊन गल्लीत फिरली. पण या गल्लीत खोली किती फुटांची असं विचारलं की माणूस जमिनीकडे पाहत नाही, वर छपराकडे पाहतो. कोणी म्हणे आमची आठ टिनाची, कोणी म्हणे दहा टिनाची. सगळीकडे आठ फूट लांब आणि अडीच फूट रुंद टिनपत्रे, तेव्हा तिने एका टिनाचे वीस चौरस फूट धरले. एकामागून एक घर झालं आणि ती शेवटी स्वतःच्या घरी आली. विमलताई मेथी निवडत होत्या.

"आजी, आपली भाड्याची जागा किती टिनाची?"

"बाराचे टिन आहेत, बाराचे!" विमलताई मान ताठ करून म्हणाल्या.

अपेक्षाने बारा लिहिले. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस.

दोन दिवसांनी तिने आलेखाचा मोठा कागद ओसरीच्या भिंतीला लावला. आडवी रेघ फुटांची, उभी रुपयांची, आणि मधे पंचवीस ठिपके. त्यांच्यामधून एक तिरकी रेघ वर गेलेली. दर फुटामागे भाडं सहा रुपयांनी वाढतं, असं ती रेघ सांगत होती. शेजारचे रामराव पेपर वाचायला आले होते. ते विमलताईंच्या यजमानांचे मित्र, आणि त्यांच्याही चार खोल्या भाड्याने दिलेल्या. चष्मा कपाळावर चढवून ते कागदाला नाक लावून उभे राहिले.

"पोरी, ही रेघ शून्यापासून काहून नाही निघाली? इथं तर आठशे लिहिलं."

"आजोबा, खोली शून्य फुटाची असली तरी भाडं आठशे रुपये येते, असा त्याचा अर्थ."

"शून्य फुटाचे आठशे? कायचे?"

"नळाचं पाणी, संडास, अंगण," विमलताई म्हणाल्या.

"अन् घरमालकिणीची बडबड," मागून आवाज आला. "तिचेच सातशे असतीन."

हे डोंगरसिंग. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, बायको वारल्यापासून एकटे, अकरा वर्षं विमलताईंचे भाडेकरू. दोघांचं रोज सकाळी भांडण होई आणि रोज दुपारी एकाच डब्यातली सुपारी फुटे.

"अन् हा एकटाच वर लटकून राह्यला, हा ठिपका कोणाचा?" रामरावांनी विचारलं.

अपेक्षा घुटमळली. "आपला आहे, आजी. दोनशे चाळीस फुटाचं भाडं रेघेप्रमाणे बाविसशे चाळीस पाहिजे. तू अठ्ठावीसशे घेते."

मग रामराव हसले. मोबाइल काढून त्यांनी कागदाचा फोटो घेतला, आणि संध्याकाळपर्यंत तो गल्लीच्या ग्रुपवर फिरला. रात्रीच्या आत विमलताईंना तिघींनी फोन करून विचारलं, "काय हो, रास्त भाडंवाल्या बाई?"

विमलताईंना जेवण गेलं नाही. त्यांनी कधी कोणाला फसवलं नव्हतं. भाडं वाढवायच्या वेळी त्या आठ-आठ दिवस झोपत नसत. पण कागदाशी कोण भांडणार?

दुसऱ्या दिवशी डोंगरसिंग दारात उभे राहिले. चहा समोर आला तरी बसले नाहीत.

"ताई, एक तारखेपासून मी रामरावांच्या खोलीत जाऊन राह्यलो. पंधरा टिनाची हाये. तीनशे फूट, सत्ताविसशे रुपये."

"पाहिली का खोली?"

"पाह्याचं काय? कागदावर मोठी हाये. तीस वर्सं लॉगशीटवर गाडी चालवली मी. जे लिहिलं ते खरं."

"अकरा वर्सं मी तुमाले फसवलं असं म्हणता का, भाऊ?"

डोंगरसिंगांनी मान खाली घातली. "मी नाही म्हणून राह्यलो. ठिपका म्हणते."

एवढं बोलून ते गेले, आणि चहावर साय आली. विमलताईंना पाचशे साठ रुपयांचं काही नव्हतं. भाडं कमी करते म्हणाल्या असत्या तर ते राहिलेही असते. पण मग इतकी वर्षं जास्त घेतलं, हे आपल्याच तोंडाने कबूल झालं असतं. त्यांनी कप उचलून आत नेला.

एक तारखेला हातगाडी आली. आधी लोखंडी पलंग गेला, मग कपाट, मग पेट्या-कोठ्यांच्या चार खेपा, शेवटी बायकोने हौसेने घेतलेलं शिवणयंत्र. विमलताई खिडकीच्या आड उभ्या राहून पाहत होत्या आणि आपण पाहत नाही असं दाखवत होत्या. तासाभराने रामरावांच्या घराकडून आरडाओरडा ऐकू आला. गल्ली गोळा झाली. अपेक्षाही धावली, आणि तिच्यामागे, चप्पल उलटसुलट घालून, विमलताई.

पलंग खोलीत गेला होता. कपाटही गेलं होतं, पेट्या-कोठ्या छपरापर्यंत रचल्या होत्या. पण आता दार लागत नव्हतं, आणि शिवणयंत्रासह डोंगरसिंग बाहेर उभे होते.

"पलंग उभा करा," रामराव आतून म्हणाले.

"मंग मी झोपू कसा? उभ्यानं?" डोंगरसिंग ओरडले. "याडी वं!" त्यांच्या बंजारा बोलीत त्यांनी आईला हाक मारली. "हे सामान तिकडं तीन खोल्यांत पसरून होतं, वर दोन माणसं जेवाले बसत. दोनशे चाळीसात मावलं, ते तीनशेत काहून मावत नाही?"

हा प्रश्न ऐकून अपेक्षाचा चेहरा पांढरा पडला. ती लहानपणापासून त्या तीन खोल्यांत लपंडाव खेळली होती. पण हिशेब करताना तिने घराकडे पाहिलंच नव्हतं, वहीकडे पाहिलं होतं. ती पळत परत गेली, अंगणात उभी राहून बोटाने भाड्याच्या खोल्यांवरचे टिन मोजू लागली. बारा झाले. तेरा. चौदा.

"आजी, तू बारा टिन सांगतले होते!"

"बारा कुठं? बाराचे सांगतले! बारा फुटी!" विमलताई धापा टाकत म्हणाल्या. "सारी गल्ली आठ फुटी टिन आणून राह्यली होती, तवा तुह्या आजोबानं नांदेडहून बारा फुटी आणले. ट्रक वळेना गल्लीत. लोकं घरातून निघून पाह्याले आले. ते टिन काय मोजाचे असतात? लांबी सांगाची असते!"

आणि खरंच, चाळीस वर्षांत त्यांनी ते एकदाही मोजले नव्हते.

टेप आणली. एक टोक अपेक्षाने धरलं, दुसरं डोंगरसिंगांनी. चौदा टिन, एकेक तीस चौरस फुटांचा. चारशे वीस. अपेक्षाने खोडरबराने जुना ठिपका पुसला आणि नवा ठिपका पार उजव्या टोकाला दिला. मग हिशेब पुन्हा मांडला. नव्या रेघेप्रमाणे त्या घराचं भाडं तीन हजारांच्या जरा वर यायला हवं होतं. विमलताईंचा ठिपका आता रेघेच्या चांगला खाली बसला होता.

"रास्त," विमलताई म्हणाल्या. एकच शब्द. पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

डोंगरसिंग कागदाकडे पाहत राहिले. मग हातातली टेप ताणून बघू लागले. "ताई, हे टेप ढिलं झालं वाटते. घर एवढं मोठं नाही. तीनशे असन फार तर."

"काल कागद खरा होता, आज टेप खोटं?"

रामराव मात्र खूष झाले. "वैनी, आता भाडं वाढवा. तीन हजार घ्या. तुमचाच हक हाये."

"त्यानं तुमाले कायले आनंद, भाऊजी?"

उत्तर अपेक्षाने दिलं. बाकीचे ठिपके एका घोळक्यात, आजीचा एकटा टोकाला. टोकाचा ठिपका रेघेला फार ओढतो. त्याने रेघेचं टोक खाली आणलं, आणि रामरावांच्या तीनशे फुटी खोल्यांपाशी ती शंभरेक रुपयांनी उतरली. आजीने भाडं वाढवलं की रेघ पुन्हा वर चढेल.

"नाही तर तो ठिपकाच काढून टाक ना, पोरी," रामराव हळूच म्हणाले. "अपवाद म्हणून."

"मले काढता?" विमलताई उसळल्या. "मी या गल्लीत तुमच्या आधीपासून हाये!"

रामराव पेपर न वाचताच घरी गेले. अर्ध्या तासात हातगाडी उलट्या दिशेने आली. पलंग, कपाट, पेट्या-कोठ्या, शिवणयंत्र. सामान लागल्यावर डोंगरसिंग ओसरीवर आले आणि त्यांनी तीन हजारांच्या नोटा पुढे केल्या.

"हे काय?"

"भाडं. मी अकरा वर्सं कमी दिलं, ताई. माह्या मनाले बरं वाटत नाही."

"अठ्ठावीसशे ठेवा, बाकी उचला."

"बरं, दीडशे तरी वाढवा."

"नाही."

"शंभर. लोकं काय म्हणतीन मले?"

"अन् मले काय म्हणतीन? मी वाढवलं की रेघ चढली, अन् रेघ चढली की भाऊजी फोटो काढून भाडं वाढवाले चौघा भाडेकरूंच्या दारात उभे!" विमलताईंनी दोन नोटा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कोंबल्या. "ऐका, भाऊ. एक रुपया जास्त दिला ना, तर खोली खाली करा!"

डोंगरसिंगांनी नोटा सारख्या केल्या आणि चहा मागितला. विमलताई म्हणाल्या, सकाळपासून तुमचाच पसारा पाहून राह्यली, चहा तुम्ही ठेवा.